मसाजचे प्रमाणपत्र देण्याआधी अंगठे तपासा

मा. संपादक,

‘१५ दिवसांत मसाज थेरपिस्ट व्हा, नोकरीची हमी’ अशा पाट्या हल्ली शहरात जागोजागी दिसतात. पत्रकात स्वीडिश, डीप टिश्यू, थाई, बाली, हॉट स्टोन, अभ्यंग अशी आठ-दहा नावे छापलेली असतात. एकूण तास किती आणि त्यांपैकी प्रत्यक्ष माणसाच्या अंगावर हात ठेवून शिकायचे किती, हे मात्र कुठेच नसते. फी भरायला निघालेल्या मुलामुलींसाठी, हे काम शिकवणारे म्हणून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

स्वीडिश पद्धतीत मूळ हात, म्हणजे हात चालवण्याच्या रीती, पाचच: लांब सरकता हात, मळणे, घर्षण, थापटणे आणि कंप. हे पाच नीट बसले की बाकीचे बरेच सोपे जाते. ते न बसताच दहा प्रकार शिकले, तर दहाही तेल चोळण्यापुरतेच उरतात. लांब हात देताना दाब हृदयाच्या दिशेने आणि परतीचा हात हलका, हे पहिल्या दिवशी सांगितले जाते. आठवड्याने कुणीच तसे करत नाही, कारण शेजारी उभे राहून पाहणारा कोणी नसतो.

शिकलेली बरीच मुले वर्षा-दोन वर्षांत काम सोडतात, ती अनेकदा अंगठा आणि मनगट गेल्यामुळे. दोष सहसा टेबलाच्या उंचीपासून सुरू होतो. ताठ उभे राहून हात खाली सोडले की मुठीची पेरे टेबलाला टेकली पाहिजेत. खोल दाबाचे काम असेल तर टेबल आणखी इंच-दोन इंच खाली. टेबल उंच असले की खांदे वर चढतात, अंगाचे वजन वापरताच येत नाही आणि सगळा भार अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर येतो. एक पाय पुढे, मागची टाच जमिनीवर, मनगट सरळ, कोपर जवळजवळ सरळ आणि जोर कमरेतून. अंगठ्याला बाकीच्या बोटांचा आधार हवाच. फार खोल जायचे असेल तर अंगठा बाजूला ठेवून हाताचा पुढचा भाग किंवा कोपर वापरावे. ज्या क्लासमध्ये दिवाणावर सराव करून घेतात, तिथे यातले काहीच शिकता येत नाही.

दाब कुठे द्यायचा नाही, हे तोंडपाठ हवे: मानेची पुढची बाजू, काख, कोपराची आतली खळगी, जांघ, गुडघ्यामागची खळगी, शेवटच्या बरगडीखालची कूस. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मसाज कोणत्या वेळी करायचाच नाही, हे. एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल, तर गिऱ्हाईक स्वतःच म्हणते, ‘इथेच जरा जोरात दाबा.’ आत शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि दाबाने ती सुटून फुप्फुसापर्यंत जाऊ शकते. तिथे हात न लावता डॉक्टरकडे पाठवायचे. ताप, गजकर्ण, ताजे फ्रॅक्चर, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, गरोदरपण हे सगळे आधी विचारून कागदावर लिहून घ्यायला पाच मिनिटे लागतात. अनेक क्लासमध्ये हा कागदच नसतो.

चादरीचेही तसेच. ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा, बाकी सगळा झाकलेला. पायावर काम करताना चादरीची कड मांडीखाली खोचलेली. माणूस कुशीवर वळताना चादर उचलून धरायची आणि आपली नजर दुसरीकडे. या व्यवसायाच्या बदनामीवर भाषणे खूप होतात, चादर मात्र कोणी शिकवत नाही.

तेल गॅसवर तापवू नये. बाटली गरम पाण्यात ठेवावी आणि आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून पाहावा. स्वीडिशला पूर्ण अंगासाठी २०-३० मिली पुरते. जास्त झाले की हात घसरतो आणि शिकणारा बोटांनी पकडायला लागतो. (तेलकट टॉवेल ड्रायरमधून काढून गरमगरम ढीग करून ठेवले, तर ते आतल्या आत तापून पेटू शकतात. हे स्पाच्या मालकांनीही लक्षात ठेवावे.)

न्यूयॉर्क राज्यात परवान्यासाठी किमान १००० तासांचे शिक्षण लागते. जपानमध्ये तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यावर राष्ट्रीय परीक्षा असते. आपल्याकडे १५ दिवस रोज चार तास धरले, तरी ६० तास होतात. एकदम हजारावर जा, असे आमचे म्हणणे नाही. पण देखरेखीखालचे सरावाचे तास प्रमाणपत्रावर छापावेत आणि परीक्षा बाहेरच्या परीक्षकाने, टेबलावर झोपलेल्या माणसावर हात चालताना पाहूनच घ्यावी. राज्याच्या कौशल्य विकास विभागाने एवढे दोन नियम केले तरी पुष्कळ. तोपर्यंत विद्यार्थ्यांनी फी भरण्याआधी एक वर्ग बसून पाहावा आणि एका टेबलामागे किती मुले आहेत ते मोजावे. तीनपेक्षा जास्त असतील तर पैसे खिशातच ठेवावेत.

– दोन मसाज प्रशिक्षक, पुणे