कुकीजची पट्टी मराठीत हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुठलंही संकेतस्थळ उघडा, खालून कुकीजची (आपली ओळख, आवडनिवड लक्षात ठेवायला संकेतस्थळं आपल्या फोनवर ठेवतात त्या छोट्या फायलींची) परवानगी मागणारी पट्टी वर येते आणि अर्धा स्क्रीन खाते. ‘ॲक्सेप्ट ऑल’चं बटण ठसठशीत निळं, नको म्हणायची सोय मात्र बारीक राखाडी अक्षरांत, ‘मॅनेज’च्या आत दडलेली. खानापुरात माझं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. पट्टीत काय लिहिलंय ते सांगायला जावं, तर काउंटरपलीकडून उत्तर येतं, ‘दाबा की ते ओके, बस चुकंल माझी.’

लॉगिन टिकवणाऱ्या कुकीजबद्दल तक्रार नाही. जाहिरातवाल्यांच्या कुकीज मात्र एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर माग काढत फिरतात. सकाळी पाण्याच्या मोटारीचा भाव बघितला, की संध्याकाळी बातम्या वाचतानाही मोटारच समोर.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये आपल्या कामाची एक तरतूद आहे. आपली माहिती वापरायला संमती मागताना दाखवायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. त्या २२ भाषांत मराठी आहे, आणि वाचणारा कुठल्या राज्यात राहतो याची अट नाही. मराठी कागदपत्रांसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढणाऱ्या सीमाभागात याची चर्चा का नाही, हे मला कोडंच आहे. (अनुदान, दाखले वगैरेंसाठी सरकारला संमतीविना माहिती वापरायची बरीच मोकळीक आहे; तिथं फार आशा नको.)

या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. संमतीच्या तरतुदी १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. तोवर कंपन्या मराठीच्या नावाखाली यंत्राकडून काढलेला, डोक्यावरून जाणारा मजकूर चिकटवतील, अशी धास्ती वाटते. शिवाय संमती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं, असं कायदा म्हणतो. नकाराचं बटण होकाराएवढंच ठळक हवं, असं स्पष्ट म्हणत नाही. फ्रान्सच्या माहिती-संरक्षण नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गुगलला १५ कोटी युरोंचा दंड जाहीर केला, तो कुकीज नाकारणं स्वीकारण्याइतकं सोपं ठेवलं नाही म्हणूनच. आपल्याकडेही नियमात तसं स्पष्ट यायला हवं.

जाता जाता, मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवरही ही पट्टी अनेकदा इंग्रजीतच दिसते. ती मराठीत करायला मे २०२७ पर्यंत थांबायची गरज नाही.

आपला,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)