घर तारण ठेवायच्या आधी

चि. सायलीस, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "मी सगळं बघून ठेवलोय पप्पा, तुम्ही फक्त बँकेचं बघा." चार वर्षं पुण्यात राहूनही तुझं आलो-गेलो सुटलं नाही, ऐकून बरं वाटलं. पण बँकेचं बघायला गेलो आणि बाकीचंच जास्त बघावं लागणार असं दिसायला लागलं. फोनवर तू "हो हो" म्हणतेस आणि आईला फोन द्या म्हणतेस, म्हणून लिहायला बसलोय.

तू परदेशात 'फ्युचर्स स्टडीज', म्हणजे भविष्याचा अभ्यास, शिकायला जाणार त्याला माझा विरोध नाही, हे आधी वाच. आईच्या भिशीत बातमी गेली आणि तिथं 'सायली ज्योतिष शिकायला चाललीय' असं ठरलंय, ते सोड. हा विषय काय आहे ते मला आपल्या सोप्यातल्या भिंतीवरून कळतं. २००५ च्या पुराची रेघ आज्जीनं कोळशानं ओढून ठेवली होती, माझ्या गुडघ्याएवढी. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी गाठली, मग ४३ ची धोका पातळी ओलांडली, आणि मी काय केलं? सगळं सामान त्या रेघेच्या वर एक वीत उचलून ठेवलं आणि जेवायला बसलो. ह्याच्या वर कधी गेलंय व्हय! पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. भिंतीवरची आत्ताची रेघ माझ्या डोक्याच्या वर आहे, बघितलीस ना.

तू सांगितलेलंस की तुमच्यात एकच भविष्य धरून चालत नाहीत, तीन-चार मांडतात आणि प्रत्येकात आपलं काय होईल ते बघतात. शेल कंपनीत पियर वॅक आणि त्यांच्या लोकांनी तेच केलं, म्हणून १९७३ ला तेल भडकलं तेव्हा ते इतरांपेक्षा तयार होते. मला पटलं. उद्यमनगरात राहून पटणार नाही तर काय? तुझ्या आजोबांनी ऑइल इंजिनाचे पार्ट केले, विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या आणि ते काम आटलं. मी इंजिनाचे व्हॉल्व्ह गाइड बनवतो, विजेच्या गाडीला व्हॉल्व्हच नसतो. तेव्हा हे शिक्षण फुकट आहे असं मी म्हणणार नाही. पण तुझ्याबाबतीत तू एकच रेघ धरून बसलीयस असं मला वाटतंय.

तुझ्या विद्यापीठांच्या यादीतलं बर्लिन आधी काढून टाक, तो कोर्स जर्मन भाषेत आहे. हवाईचं नाव मोठं, १९७१ पासूनचं केंद्र, पण तिथं हा विषय राज्यशास्त्र विभागात शिकवतात. म्हणजे पदवीवर राज्यशास्त्र येणार. बी.ई. मेकॅनिकलवर राज्यशास्त्र बघून मुलाखत घेणारा काय विचारेल, त्याचं उत्तर तयार असेल तर माझी हरकत नाही.

राहिले अमेरिकेतलं ह्यूस्टन आणि फिनलंडमधलं तुर्कू. ह्यूस्टनचा फोरसाइटचा (तुझ्या विषयाला ते हे नाव देतात) एम.एस. ३० क्रेडिटचा आणि तो ऑनलाइनही होतो. इथं नीट बघ. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसावर पूर्णवेळ शिकताना सत्राला एकच ऑनलाइन विषय धरतात. सगळा कोर्स ऑनलाइन घेतलास तर व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही म्हणजे नंतर तिथं काम करायची जी परवानगी मिळते तीही नाही. म्हणून त्यांना मेल करून एवढं विचार: भारतातून येणाऱ्या मुलीला व्हिसाचे कागद मिळतील एवढे वर्ग तुमच्याकडं प्रत्यक्ष भरतात का? गोल गोल उत्तर आलं तर नाही समज.

पण ऑनलाइन म्हणजे वाईटच असंही नाही. नोकरी चालू राहील, राहण्याचा खर्च नाही, घराला हात लागणार नाही. तिथल्या संध्याकाळी सहाचा वर्ग आपल्याकडं उन्हाळ्यात पहाटे साडेचारला आणि थंडीत साडेपाचला पडेल. तू अकरावीत सकाळच्या क्लासला कशी उठायचीस ते मला माहीत आहे, त्यामुळं ह्यावर मी काही लिहीत नाही. अडचण एकच. पुढं कधी सरकारी नोकरी किंवा प्राध्यापकी डोक्यात आली तर परदेशी पदवीला समकक्षता लागते, आणि ऑनलाइनवाल्याला ती मिळणं अवघड.

तुर्कूचं मला जास्त बरं वाटतंय. फिनलंडच्या संसदेतच १९९३ पासून भविष्य समिती आहे, म्हणजे ह्या लोकांना हे काम कशासाठी ते तरी कळतं. विद्यापीठातलं केंद्र १९९२ चं, कोर्स इंग्रजीत, दोन वर्षांचा. शिकताना आठवड्याला सरासरी ३० तास काम करता येतं, नंतर नोकरी शोधायला दोन वर्षांपर्यंत राहता येतं. पण काम करता येतं आणि काम मिळतं ह्यात फरक आहे. फिनिश न येणाऱ्या मुलीला कोण काम देतं, हे तिथं शिकत असलेल्या एखाद्या भारतीय मुलीला विचार. कॉलेजच्या माहितीपत्रकाला विचारू नकोस. फी आहेच, २०१७ पासून युरोपबाहेरच्यांना लागते, आणि राहण्यासाठी महिन्याला ८०० युरो दाखवावे लागतात. वर्षाचे ९६०० झाले.

आता बँक. साडेसात लाखांच्या वर कर्ज म्हणजे तारण. मी म्हटलं कसब्याकडची शेती आहे की, पाऊण एकर. साहेब हसले. शेतजमीन शक्यतो घेतच नाहीत, कारण हप्ते थकले तर कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्याखाली त्यांना ती विकता येत नाही. मग घर. मंगळवारी त्यांचा मूल्यांकनवाला शुक्रवार पेठेत आला, टेप काढायच्या आधीच सोप्यातली रेघ बघितली आणि विचारलं, "निळ्या रेषेत, पूररेषेत येतंय का हो?" घराची किंमत त्यानं लिहिली ती मी तुला फोनवर सांगत नाही, आई शेजारीच असते.

व्याजाचं म्हणशील तर कोर्स आणि वर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. भरलेल्या व्याजावर प्राप्तिकरात आठ वर्षं सूट आहे, तीही जुन्या कररचनेतच. जे. एन. टाटा एंडोमेंटचा अर्ज भरून ठेव. तेही कर्जच आहे, पण घर मागत नाहीत असं दिसतंय, ते नीट वाच. शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या मुलांसाठी आहे, आपल्याला लागू नाही.

आणि तो राजारामपुरीतला सल्लागार. "कुठलंबी युनिव्हर्सिटी सांगा काका, ॲडमिशन करून देतो," म्हणाला. विषयाचं नाव सांगितल्यावर त्यानं मला शेअर बाजारातल्या फ्युचर्सबद्दल दहा मिनिटं समजावलं आणि पाच हजार ॲडव्हान्स घेतला. परत देत नाही म्हणतोय. माझीच चूक.

तुझ्याकडून मला एक कागद पाहिजे. ह्या दोन कोर्सचे जुने विद्यार्थी शोध, शिकून चार-पाच वर्षं झालेले. 'भविष्यतज्ज्ञ' असं पद देणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर, बहुतेक जण स्ट्रॅटेजी, इनोव्हेशन, धोरण अशा खात्यांत कामाला असणार. ते कुठं आहेत, ती नोकरी पदवीमुळं लागली का आधीच होती, एवढं दोघांना तरी विचार. आणि त्याच कागदावर लिही की काहीच जमलं नाही, परत यावं लागलं, तर हप्ता कुठल्या पगारातून जाणार. ते लिहिलंस की मी घराच्या कागदांवर सही करतो. घर घालवायची मला भीती नाही, २०१९ आणि २०२१ ला ते पाण्यानं दोनदा घालवून बघितलंय.

ट्रान्सक्रिप्टचं मी शिवाजी विद्यापीठात चौकशी केली. आठही सेमिस्टरच्या मार्कशीट लागतात. तुझी फाइल तेव्हा टेबलावरच होती, रेघेच्या एक वीत वर. पहिल्या तीन सेमिस्टरचा आता लगदा आहे, आईनं वाळवून ठेवलाय पण अक्षर लागत नाही. डुप्लिकेटसाठी अर्ज आणलाय, त्यावर तुझी सही पाहिजे. शनिवारी येतोस का? शनिवारी विद्यापीठाचं काम होईल न होईल, तेव्हा सोमवारची रजा टाकूनच ये.

तुझे,
पप्पा