दगडाचं वय आणि बाबांची शंका

ती. बाबा आणि आई,

परवा फोनवर बाबांनी मला जे पकडलं ते अजून डोक्यातून जात नाहीये. "फॉसिलवरून (जीवाश्मावरून) दगडाचं वय काढता आणि दगडावरून फॉसिलचं, म्हणजे तू माझी साक्ष दे, मी तुझी देतो, असंच झालं ना?" नेमकी तेव्हाच रेंज गेली, आणि खरं सांगायचं तर गेली ते बरंच झालं, कारण मला धड उत्तर देता आलं नसतं. म्हणून हे पत्र. आई, तू पण वाच, कंटाळा आला तर मधलं सोड.

आधी एक गोष्ट कबूल करते बाबा, तुमची शंका फालतू नाहीये, आमच्या भूशास्त्राच्या वर्गात पण एकाने हेच विचारलं होतं. पण त्याचं उत्तर कोण आधी आलं आणि कोण नंतर यात आहे, म्हणून थोडी जुनी गोष्ट सांगावी लागणार.

इथे इंग्लंडमध्ये विल्यम स्मिथ नावाचा एक माणूस होऊन गेला, १७६९ सालचा जन्म, लोहाराचा मुलगा, सर्वेअर होता. कोळशाच्या खाणींत उतरायचा, मग सॉमरसेटमध्ये कोळसा वाहायला कालवा खणायचं काम निघालं त्याची मोजणी याच्याकडे आली. कालवा खणताना जमीन कशी सरळ कापली जाते, थर उघडे पडतात, आणि हा बाबा रोज ते बघतोय. त्याच्या लक्षात आलं की रंगाने, पोताने दोन चुनखडीचे थर अगदी सारखे असू शकतात, त्यावर विश्वास ठेवला तर फसणार, पण त्यातले शंखशिंपले बघितले तर प्रत्येक थराचे आपापले ठरलेले आहेत, आणि मैलोन्‌मैल लांब गेलं तरी त्यांचा खालून वर क्रम तोच. १७९९ मध्ये त्याने बाथ शहरात थरांची यादी तयार केली, १८१५ ला इंग्लंड आणि वेल्सचा एवढा मोठा रंगीत नकाशा काढला, आणि १८१९ मध्ये कर्जापायी तुरुंगात गेला. मेडल वगैरे मिळालं ते १८३१ ला. असो, तो वेगळाच रडका विषय आहे.

मुद्दा हा की स्मिथला दगड किती वर्षांचे याचा पत्ताच नव्हता. आणि उत्क्रांती पण माहीत नव्हती, डार्विनचं पुस्तक १८५९ चं, हा १८३९ लाच गेला. त्याने काही गृहीत धरून फॉसिल लावले नाहीत, जिथे थर शांतपणे एकावर एक पडून आहेत, उलटेपालटे झालेले नाहीत, तिथे खालचा जुना आणि वरचा नवा (हे तर स्टेनो नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने १६६९ मध्येच सांगून ठेवलेलं), अशा ठिकाणी नुसतं बघून क्रम लिहून काढला. म्हणजे आधी दगडावरून फॉसिलचा क्रम ठरला. मग तो क्रम हातात घेऊन जिथे थर अर्धवट दिसतात तिथे फॉसिलवरून दगड ओळखला. यात गोल गोल फिरणं नाही बाबा. आणि हा क्रम रोज तपासला जातो, जगात कुठेही नवीन बोअर मारली, नवीन खाण उघडली की परीक्षाच असते, आणि दोनशे वर्षं झाली तरी टिकलाय.

आता मी काय घोळ घातला ते ऐका. मागच्या महिन्यात आम्हाला लाइम रेजिसच्या किनाऱ्यावर नेलं होतं. तिथला कडा म्हणजे चुनखडीचा एक पट्टा, त्यावर काळपट शेल (चिखलाचा बनलेला, पापुद्रे सुटणारा दगड), परत चुनखडी, परत शेल, असं वरपर्यंत. इथल्या खाणकामगारांनी पूर्वी एकेका पट्ट्याला नाव ठेवलेलं, एकाचं टेबल लेज, एकाचं ग्रे लेज. आम्हाला किनाऱ्याने चालत थर मोजायचे होते, थर तिरके असल्यामुळे जसजसं पुढे जाल तसतसे नवे थर पायाशी येतात. मी दिवसभर वाऱ्यात टेप धरून मोजलं, वहीत छान चित्र काढलं, जाडी भलतीच आली, मी खूश. सरांनी वही बघितली, काही बोलले नाहीत, दोन अमोनाइट (पूर्वीच्या समुद्री जीवांचे वेटोळ्याचे शंख) घेतले आणि शेजारी शेजारी ठेवले.

पहिला सायलोसेरस, जवळजवळ गुळगुळीत, शेलमध्ये दाबला जाऊन कागदासारखा चपटा झालेला, नखाने उचकटेल असा. दुसरा एरायटायटीस, हा दणकट, जाडजाड बरगड्या, आणि बाहेरच्या कडेला मधोमध एक उंच रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना खाचा, बोट फिरवलं की कळतं. सायलोसेरस सगळ्यात खालच्या थरांतला, एरायटायटीस बऱ्याच वरचा. आणि माझ्या वहीप्रमाणे एरायटायटीसच्या वर परत सायलोसेरस! म्हणजे काय, तर मध्ये फॉल्ट होता, जमीन तुटून सरकलेली, आणि मी तेच थर दुसऱ्यांदा मोजत बसले होते. दगड बघून मला काही कळलं नव्हतं, चुनखडी ती चुनखडी. त्या शंखाने सांगितलं.

मला वाईट वाटलं तर सर म्हणाले की यात मोठमोठे लोक फसलेत. स्कॉटलंडच्या डोंगरात असाच एक प्रचंड जाड समजला गेलेला थरांचा ढीग होता, १८७८ मध्ये चार्ल्स लॅपवर्थने त्यातले ग्रॅप्टोलाइट तपासून दाखवून दिलं की ढीग वगैरे काही नाही, पातळसेच थर आहेत, घड्या पडून पडून पुन्हा पुन्हा वर आलेत. ग्रॅप्टोलाइट म्हणजे नामशेष झालेले समुद्री जीव, दगडावर कुणी पेन्सिलने करवतीचे दाते काढल्यासारखे दिसतात, कुणी ढुंकूनही बघणार नाही.

सगळेच फॉसिल असे कामाचे नसतात हं. बाबांच्या जुन्या अल्बममधल्या फोटोवर तारीख नसली तरी बेलबॉटम दिसली की वर्ष साधारण कळतं, पांढऱ्या सदऱ्यावरून काही कळत नाही. तसंच. लिंग्युला नावाचा एक शिंपला कोट्यवधी वर्षं जवळपास तसाच दिसतोय, तो आमचा पांढरा सदरा. अमोनाइट बेलबॉटम, भराभर बदलायचे, आणि समुद्रात पोहत असल्याने लांब लांब पसरले. ज्युरासिक काळाचे (आमचा लाइम रेजिसचा कडा त्याच्याच सुरुवातीचा) त्यांच्यावरून इतके बारीक तुकडे पाडलेत की एकेक तुकडा सरासरी दहा लाख वर्षांहूनही कमी येतो.

आता आकडे कुठून आले, हा तुमचा पुढचा प्रश्न असणारच. गाळाच्या दगडाचं वय थेट मोजायला गेलं तर पंचाईत होते, कारण त्यातले बरेचसे कण दुसऱ्या कुठल्यातरी जुन्या दगडाचे झिजून आलेले असतात, मग वय त्या जुन्याचं येणार. म्हणून ज्वालामुखीची राख शोधतात. राख पडते आणि तिचा थर होतो, तिच्यात झिरकॉन नावाच्या खनिजाचे बारके खडे असतात, ते तयार होताना युरेनियम आत घेतात पण शिसं जवळजवळ घेत नाहीत, म्हणजे आत्ता जे शिसं सापडतं ते युरेनियमचंच झालेलं. निम्मं युरेनियम संपायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात, त्यावरून हिशोब. (ते कार्बनवरून वय काढणं इथे चालत नाही बाबा, ते साधारण ५० हजार वर्षांपर्यंतच.)

आणि मला यातलं सगळ्यात भारी काय वाटलं माहितीये, ज्युरासिकच्या सुरुवातीचा आकडा, सुमारे २० कोटी १४ लाख वर्षं, तो मुख्यतः पेरूमधून आलाय! तिथे सायलोसेरसवाले थर आहेत आणि त्यांच्या मधेमधे राखेचे थर. राखेचं वय लॅबमध्ये मोजलं, दोन राखांच्या मध्ये अडकलेल्या अमोनाइटचं वय आपोआप कळलं, आणि मग इंग्लंडमध्ये जिथे त्या जातीचा अमोनाइट सापडेल तिथे तोच आकडा लागू. म्हणजे साक्ष देणारा तिसराच निघाला बाबा, आणि त्याला फॉसिलशी काही देणंघेणं नाही.

सध्या लॅबमध्ये फोरॅम (समुद्रातल्या एकपेशी जीवांची कवचं) वेचतेय. वाळूच्या कणाएवढे असतात, काळ्या ट्रेमध्ये पसरायचे, मायक्रोस्कोपखाली अगदी बारीक ब्रशचं टोक ओलं करायचं आणि एकेक उचलायचा. शिंक आली की अर्धा दिवस गेला. तेलाच्या विहिरी खणताना हेच बघतात, कारण ड्रिलखाली अमोनाइटचा चुरा होतो, हे वाचतात. त्यात पण फसवाफसवी आहे, वरचा माल विहिरीत खाली पडतो आणि चिखलाबरोबर परत वर येतो, म्हणून एखादा जीव खाली कुठपर्यंत सापडला यापेक्षा वरून येताना पहिल्यांदा कुठे दिसला यावर जास्त भरवसा ठेवतात. आणि कधी कधी जुना फॉसिल झिजून सुटतो आणि नव्या गाळात जाऊन बसतो, त्याच्या कडा घासलेल्या दिसतात, म्हणून एकट्यादुकट्या फॉसिलवर कुणी जात नाही, घोळका बघतात.

सोबत एका दगडाचा फोटो आहे, तो पिंट्याला दाखवा. कड्यातून काढलेला नाही, किनाऱ्यावर सुटाच पडला होता, कुठल्या थरातून आला मी बघितलेलं नाही. बरगड्या मोजायला सांगा, आणि कडेला रेघ आणि खाचा दिसतात का ते बघायला सांगा. मग वरचं वाचून तो कुठल्या थरातला ते त्यानेच मला फोनवर सांगायचं. बाबांनी मदत करायची नाही.

तुमची,
सोनू

ता. क. रविवारी फोन करते, बाबा, पुढची शंका तयार ठेवा.