बाबा, इथे कुत्र्यांना थांबायला शिकवतात

मिनेसोटा
ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "माळकऱ्याच्या घरातली पोर तू, आणि शिकारीच्या कुत्र्यांच्या तालमीत काय करतेस?" तुम्ही रागानं विचारलं नाहीत हे मला कळलं, पण काळजी होती. आवाज सारखा तुटत होता, त्यामुळे धड उत्तर देता आलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते. आईलाही वाचून दाखवा.

परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजच्या पदवीवर इथे अमेरिकेत जनावरांची प्रॅक्टिस करता येत नाही, परवान्याच्या परीक्षा द्याव्या लागतात, हे तुम्हाला माहीतच आहे. अभ्यास चालू आहे. तोवर या केनेलमध्ये, म्हणजे कुत्री ठेवून शिकवण्याच्या जागेत, मदतनीस म्हणून लागले. बहुतेक कुत्री लॅब्राडोर, थोडी गोल्डन आणि एक चेसापीक. सगळी लोकांची. पिल्लू सहा-सात महिन्यांचं झालं, दुधाचे दात पडून पक्के दात आले, की मालक आणून सोडतात, महिन्याचे पैसे भरतात आणि चार-सहा महिन्यांनी शिकवलेलं कुत्रं घरी नेतात. आमचे ट्रेनर आयुष्यभर हेच करत आलेत. बोलणं कमी, पण चाळीस कुत्र्यांतलं कुठलं आज मनानं खट्टू आहे ते गाडीचा दरवाजा उघडताच ओळखतात.

आता शिकारीचं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद आहे आणि ती तशीच बंद राहावी असं मलाही वाटतं. इथली तऱ्हा वेगळी आहे. हिमनद्या मागे हटल्या तेव्हा या सपाट मुलखात लाखो खड्डे राहिले, त्यांची तळी झाली, आणि उत्तर अमेरिकेतली निम्म्याहून जास्त बदकं या पट्ट्यात जन्माला येतात. त्यांच्या शिकारीला ठरलेला हंगाम आहे, माणशी दिवसाला सहा बदकांची मर्यादा आहे, शिशाचे छर्रे बदकांसाठी १९९१ पासून देशभर बंद आहेत. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक शिकाऱ्याला दरवर्षी सरकारचं 'डक स्टँप' हे तिकीट विकत घ्यावं लागतं. १९३४ पासूनची ही पद्धत. त्या पैशातून पाणथळ जागा विकत घेऊन राखल्या जातात. आपल्या नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात येतात ते थापटे आणि तलवार बदकं याच जातीची इथेही आहेत. पहिल्यांदा ओळखीचा थापट्या दिसला तेव्हा मी ट्रेनरना ओरडून दाखवला होता.

कायद्यात आणखी एक कलम आहे, आणि माझं सगळं काम त्या कलमापाशी येतं. पाडलेला पक्षी शोधून आणण्याचा मनापासून प्रयत्न केलाच पाहिजे, तो तसाच टाकून जाणं गुन्हा आहे. बाबा, छर्रा लागलेलं बदक दर वेळी जागच्या जागी मरत नाही. पंख मोडलेलं बदक पाण्यात बुडी मारतं, पाणकणसाच्या दाटीत शिरतं आणि नुसती चोच वर ठेवून निपचित बसतं. माणूस कंबरभर चिखलात दिवसभर फिरला तरी त्याला ते सापडत नाही. मग ते दोन-तीन दिवस तडफडून मरतं, नाहीतर कोल्ह्या-रकूनच्या तोंडी जातं. चांगला रिट्रीव्हर, म्हणजे पाडलेला पक्षी आणून देणारा कुत्रा, तेच बदक काही मिनिटांत वासावर हुडकतो, अलगद उचलतो आणि हातात आणून देतो. बंदूक मी धरत नाही, धरणारही नाही. पण जखमी जीव रानात सडत पडू नये यासाठी जे कुत्रं तयार होतं, त्याच्यासाठी राबताना मला माळेची लाज वाटत नाही. हे मी पूर्ण विचारानं लिहिते आहे.

तुम्ही म्हणालात, वस्तू आणून देणं तर आपला मोत्यासुद्धा करतो, त्याला सहा महिने कशाला? खरं आहे, आणणं शिकवावं लागतच नाही. ते रक्तात असतं. या लॅब्राडोरांचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांकडे होते, बर्फगार पाण्यातून जाळ्याचे दोर आणि निसटलेले मासे ओढून आणायचे. एकोणिसाव्या शतकात मासळीच्या जहाजांबरोबर ते इंग्लंडच्या पूल बंदरात आले आणि तिथल्या उमरावांनी त्यांची पैदास केली. बोटांमध्ये पडदा, दुहेरी केसांचा कोट, सुकाणूसारखी जाड शेपूट. असलं कुत्रं पाणी दिसलं की उडी मारणारच. सहा महिने जातात ते त्याला उडी न मारायला शिकवण्यात.

आमच्याकडे एक काळी कुत्री आहे, ज्यूनो. तिच्यावरून सांगते. पहाटे गाड्या शेतावर जातात. मी पांढरं जॅकेट घालून दीड-दोनशे पावलांवर उभी राहते, पांढरं अशासाठी की कुत्र्याला लांबून माणूस दिसावा. हाक देते, कोऱ्या काडतुसाचा बार काढते आणि बंपर उंच फेकते. बंपर म्हणजे दोरी लावलेली प्लास्टिकची जाड नळी, बदकाऐवजी. ज्यूनो ट्रेनरच्या डाव्या पायाशी बसलेली. बार झाला की तिचं सगळं अंग थरथरतं, मागचे पाय जमिनीत रुततात, घशातून बारीक कुईं निघते. पण उठायचं नाही. बंपर पडतो, गवत हलायचं थांबतं, तरी नाही. ट्रेनर तिचं नाव घेतील तेव्हाच सुटायचं. याला ते 'स्टेडी' म्हणतात. पहिल्या आठवड्यांत ती दोरीला बांधलेली असायची आणि हिसका देऊन पुढे जायची. आता दोरी नाही. नजर पडल्या जागेवर खिळलेली, कान पुढे, आणि वाट पाहणं. मग तिच्या शेजारी दुसरं कुत्रं बसवतात, आणायला त्याला पाठवतात, आणि ज्यूनोनं नुसतं बघत बसायचं. माझ्या मते सगळ्यांत अवघड धडा हाच. आणि तो घेण्यामागे कारण आहे. लपणाच्या झोपडीतून कुत्रं बार होण्याआधी उसळलं तर ते बंदुकीच्या आड येतं, होडी उलटू शकते, आणि दोन बदकं पडली असतील तर दुसरं कुठे पडलं ते त्याच्या लक्षातच राहत नाही. शांत बसलेलं कुत्रं तीन-तीन जागा डोक्यात साठवतं आणि एकेक करून तिन्ही आणतं. ही स्मरणशक्ती मी रोज बघते, रोज थक्क होते.

बंदुकीच्या आवाजाची भीती हा आणखी एक मुद्दा. फटाक्यांनी मोत्या खाटेखाली जातो ना? इथे पिल्लाला आधी खेळाचं वेड लावतात. ते बंपरमागे धावत असतानाच फार लांबून हलका आवाज करतात, आणि दिवसागणिक जवळ आणतात. बार म्हणजे काहीतरी छान घडणार, एवढंच त्याच्या मनात बसतं. घाईत डोक्यावर बार काढून कायमची बिथरवलेली कुत्री इथे मालक घेऊन येतात, "दुरुस्त करून द्या" म्हणतात. क्वचितच होते.

पाण्यातला धडा मला फार आवडतो. तळ्याच्या पलीकडे बंपर पडला तर हुशार कुत्रं काठाकाठानं पळत जाणार, पोहायचं कशाला? पण काठानं गेलं की रेघ चुकते, आणि नेमक्या जागेपासून भलतीकडेच जाऊन पोचतं. म्हणून तिरक्या कडेनंही सरळ पाण्यात शिरायचं, सरळ पोहायचं, सरळ परत यायचं, हे घटवून घेतात. छोट्या डबक्यापासून सुरू करून महिनोन्‌महिने.

आणि मग ब्लाइंड. म्हणजे कुत्र्यानं पक्षी पडताना पाहिलेलाच नाही, माहीत आहे ते फक्त माणसाला. कुत्र्याला दिशा दाखवून सोडतात. ते भरकटलं की शिट्टी, एक लांब. दोनशे पावलांवरचं भरधाव कुत्रं गर्रकन वळून खाली बसतं आणि माणसाकडे बघतं. मग हात वर केला तर मागे जा, बाजूला केला तर त्या बाजूला. त्यासाठी नारिंगी बंपर वापरतात, कारण कुत्र्यांना तांबडा-हिरवा फरक दिसत नाही, गवतात नारिंगी हरवून जातो, आणि मग स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माणसाच्या हातावर भरवसा ठेवावा लागतो. ही खुणांची पद्धत डेव्ह इलियट नावाच्या स्कॉटिश ट्रेनरनं मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्यांवरून घेतली आणि १९३० च्या दशकात तो ती घेऊन अमेरिकेत आला.

ट्रेनरच्या ऑफिसात एका जुन्या डक स्टँपचं मोठं चित्र आहे, १९५९ सालचं. तोंडात बदक धरलेला काळा लॅब्राडोर, किंग बक. लहानपणी त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा आजार झाला होता, जगेल अशी आशा नव्हती. तो वाचला, आणि १९५२ व १९५३ अशी लागोपाठ दोन वर्षं राष्ट्रीय विजेता ठरला. त्या तिकिटावर लिहिलंय की रिट्रीव्हर शिकार वाया जाऊ देत नाहीत. मी तुम्हाला वर जे सांगितलं, तेच.

सगळंच गोड आहे असं नाही. 'फोर्स फेच' नावाचा एक टप्पा आहे. सांगितल्यावर तोंडात घ्यायचं, सोड म्हणेपर्यंत दातांचा दाब न देता धरायचं. जुन्या रीतीत कान चिमटीत दाबून ते शिकवतात, कुत्र्यानं धरलं की चिमटी सुटते. मला ते बघवत नाही, आणि मी तसं सांगितलं. आमचे ट्रेनर आधी टेबलावर उभं करून लाकडी दांडी हातानं तोंडात धरायला लावतात, गळ्याखाली हात फिरवत, कैक दिवस. त्यानं दाब पुष्कळ कमी लागतो. ब्रिटनमधले बरेच ट्रेनर हा टप्पा घेतच नाहीत आणि त्यांची कुत्रीही अलगद आणून देतात. बटण दाबून गळ्याला झटका देणाऱ्या विजेच्या कॉलरचंही तेच. इथे ती सर्रास वापरतात, वेल्समध्ये २०१० पासून बंदी आहे. कुत्र्याला अर्थच कळलेला नसताना बटण दाबणारा माणूस स्वतःचा राग काढत असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. परवाना मिळाला की या विषयावर मी इथल्या लोकांशी आणखी बोलणार आहे.

नोव्हेंबरअखेर तळी गोठतील. मग जानेवारीत ट्रेनर कुत्री घेऊन टेक्ससला जातात, उघडं पाणी मिळावं म्हणून. मी इथेच राहीन, परीक्षा आहे.

आता सागरचं. तो लॅब्राडोरचं पिल्लू घ्यायचं म्हणतोय असं आई म्हणाली. त्याला सांगा, घाई नको. खुब्याचा दोष या जातीत वारशानं येतो, म्हणून पिल्लाच्या आईबापांच्या खुब्यांचा एक्स-रे बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. या जातीत आणखी एक आनुवंशिक दोष असतो. दिसायला धडधाकट कुत्रं, पण दहा-पंधरा मिनिटं जोरात पळालं की मागचे पाय लुळे पडून कोसळतं. त्याचं जनुक २००८ मध्ये इथल्याच मिनेसोटा विद्यापीठानं शोधून काढलं आणि आता तपासणी होते. आणि मागेल तितकं खायला घालू नका. पुष्कळ लॅब्राडोरांमध्ये पोट भरल्याची जाणीवच कमी करणारा जनुकदोष असतो, ते कायम भुकेलं तोंड करूनच बघणार. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात त्याला फक्त पहाटे आणि अंधार पडल्यावर फिरवायचं. द्राक्षं तर अजिबात द्यायची नाहीत, बेदाणेही नाहीत, कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला ती विष आहेत. बागेत पिल्लू मोकळं सोडायचं असेल तर छाटणीनंतर सोडा, काढणीच्या दिवसांत बांधून ठेवा. हे सागरला दोनदा सांगा.

आईचे गुडघे कसे आहेत? औषध संपत आलं असेल, निफाडहून आणायला सागरला पाठवा.

तुमची लेक,
वैशाली