तालुक्याच्या रुग्णालयातल्या रात्रपाळीच्या सिस्टरना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक नाही, म्हणून हे असं उघडच लिहिते आहे.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही गावातल्या एका नावाजलेल्या दवाखान्यात गेलो होतो. आईला दरदरून घाम सुटलेला, जबडा दुखत होता, उलटी झालेली. डॉक्टरांनी "छातीत दुखतंय का?" एवढंच विचारलं. ती नाही म्हणाली आणि पित्ताची गोळी घेऊन आम्ही बाहेर. जुना मधुमेह असलेल्या बाईला हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नाही, हे डॉक्टरांना मी सांगायचं? ईसीजीचं मशीन होतं की कोपऱ्यात! त्यावर औषध कंपन्यांच्या कॅलेंडरांची चळत.

तुम्ही आईचा चेहरा पाहिलात आणि केसपेपर निघायच्या आधी ईसीजी काढलात. डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन चावून खायला लावली. म्हणाले, हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी झालीय, ती विरघळवायचं इंजेक्शन इथेच देऊ. शहरात पोचेपर्यंत थांबलो तर हृदयाचा स्नायू मरत जाईल.

पण मला आठवतात त्या बांगड्या. या इंजेक्शननंतर साधं खरचटलं तरी रक्त लवकर थांबत नाही, म्हणून हातात काच नको. "फोडा पटकन," कुणीतरी म्हणालं. आईने त्या अवस्थेतही हात मागे ओढला. बाबा समोरच उभे होते ना. डॉक्टर औषध भरेपर्यंत तुम्ही ईसीजीची जेली तिच्या हाताला चोळलीत आणि एकेक बांगडी उतरवलीत. एकही पिचली नाही. रुमालात बांधून बाबांकडे दिलीत, "घरी गेल्यावर काकूंच्या हातात तुम्हीच घाला." तोवर दगडासारखे उभे असलेले बाबा तेव्हा रडले.

असल्या कामाला सरकारी रजिस्टरात रकाना नसतो. तरी ते करणारी माणसं कुठल्याशा तालुक्याला रात्रपाळी करत असतात, हे फार बरं आहे.

दुसऱ्या दिवशी शहरात स्टेंट बसला. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत, त्या परस्पर बंद करायच्या नाहीत अशी ताकीद आहे. शेजारीपाजारी कुणी नुसतं "गॅस झालाय" म्हणालं तरी आई त्याला ईसीजी काढायला पिटाळते.

आणि हो, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुम्ही यायचंच, असा तिचा निरोप आहे. रथसप्तमीपर्यंत कुठलाही दिवस चालेल, तुमची ड्यूटी बघून कळवा.