गिलाव्याआधी भिंतीत काय घालायचे

सातारा

चि. सौ. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तळेगावच्या बांधकामाचे फोटो आणि तुम्ही दोघांनी केलेली यादी पोहोचली. बोटाच्या ठशाने उघडणारे कुलूप, फोनवरून चालणारे दिवे आणि पडदे, सात कॅमेरे, दिवाणखान्यात प्रोजेक्टर, प्रत्येक खोलीत स्पीकर, असे बरेच काही त्यात आहे. त्यातले काय घ्यायचे ते तुम्ही ठरवालच. पण फोटोत वीटकाम पुरे झालेले दिसते आणि सोमवारपासून आतला गिलावा सुरू होणार असे तू लिहितेस, म्हणून फोनवर तुटक बोलण्यापेक्षा हे सविस्तर लिहितो आहे. पस्तीस वर्षे लोकांच्या घरांत वायरिंग केल्यावर एवढे खात्रीने सांगू शकतो, की यादीतली एकही वस्तू आज विकत घ्यायची घाई नाही, मात्र तिच्यासाठी लागणारा पाईप याच आठवड्यात भिंतीत गेला पाहिजे.

आपल्या घराला १९९४ साली गिलावा झाला आणि चारच महिन्यांत केबल टीव्हीसाठी मी माझ्या हाताने भिंत फोडली. पुढे फोनची जागा बदलली तेव्हा दुसरी झिरी मारली, आणि तू कॉलेजात असताना इंटरनेट घेतले तेव्हा तिसरी. कॅलेंडरच्या मागे हात फिरवलास तर ते तिन्ही पट्टे आजही बोटांना लागतात, कारण जुन्या गिलाव्यावर भरलेला नवा माल कधी पूर्ण एकजीव झाला नाही. दिव्यांची आणि प्लगची सोय मी नीट केली होती; उद्या आणखी काही वायर लागेल हा विचार मात्र तेव्हा केला नाही.

सर्वांत आधी स्विचबोर्डांचे बघ. साधे बटण फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी तार, तोडते, त्यामुळे ज्या बोर्डात प्लग नसतो तिथे वायरमन न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, आणतच नाही. फोनवरून चालणाऱ्या स्विचला मात्र दिवा बंद असतानाही स्वतःपुरती थोडी वीज अखंड लागते आणि त्यासाठी न्यूट्रल लागतो. तो नसेल तर अशी वीज दिव्यातूनच घ्यावी लागते आणि बंद केलेला एलईडी रात्रभर मंद जळत किंवा लुकलुकत राहतो. जिन्याच्या दोन्ही टोकांचे टू-वे बोर्ड आणि पलंगाजवळची बटणे यांत न्यूट्रल हमखास राहून जातो, म्हणून प्रत्येक बोर्डापर्यंत तो न्यायला सांग आणि मागचे बॉक्स खोल घ्यायला लाव. भिंतीवरचे बटण कुठेही काढू नका. नेट बंद पडले, फोन हरवला किंवा तुझी आई आठ दिवस राहायला आली, तरी दिवा आणि पंखा हाताने लागला पाहिजे.

आता नेटवर्क. आरसीसीच्या स्लॅबमधून वायफाय फार क्षीण होऊन जातो, त्यातही ५ गिगाहर्ट्झचा पट्टा लवकर अडतो, म्हणून खाली ठेवलेला एकच राउटर वरच्या मजल्याला पुरेल असे धरू नकोस. जिन्याखालच्या कपाटात एक मध्यवर्ती जागा ठरव, दाराला हवेसाठी जाळी ठेव, तिथे इन्व्हर्टरवरचा प्लग दे, आणि प्रत्येक खोलीतून नेटवर्कच्या दोन-दोन वायरी (त्यांना कॅट-६ म्हणतात) थेट तिथपर्यंत आण. दोन्ही मजल्यांच्या छताजवळ वायफायच्या डबीसाठी एकेक वायर वेगळी हवी. एका वायरीची मर्यादा १०० मीटरची आहे. तुमच्या घरात ती ओलांडण्याचा प्रश्नच येत नाही. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर स्वस्तात मिळते, ती घेऊ नकोस. एक टोक सोलून तार चाकूने खरवड. आत पांढरा धातू दिसला तर तो गट्टा परत कर. या वायरी विजेच्या पाईपात घालू नयेत. शेजारून जाताना फूटभर अंतर ठेवावे आणि जिथे ओलांडाव्याच लागतील तिथे काटकोनात ओलांडाव्यात.

टीव्हीच्या आणि प्रोजेक्टरच्या जागी नेहमीचा २५ मिलिमीटरचा पाईप चालणार नाही. चित्र आणि आवाज नेणाऱ्या एचडीएमआय वायरीचे डोके त्याच्या वळणात अडकते, म्हणून तिथे ५० मिलिमीटरचा पाईप मोठ्या वळणाने टाकून आत ओढायची तार सोडून ठेवा. स्पीकर प्रत्येक खोलीत हवेत की नाही यावर मी काही बोलत नाही. पण त्या कपाटात दोन हार्डडिस्कचा छोटा सर्व्हर ठेवण्याची जावईबापूंची कल्पना मला मनापासून आवडली. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट मी अजून जपून ठेवली आहे. तिच्यात मधे मधे जात्याची घरघर आणि तुझे लहानपणचे रडणेही ऐकू येते. ती आता उतरवून घेऊ. घरातच साठवलेली असली म्हणजे नेट नसतानाही स्वयंपाकघरात लावता येईल. एक प्रत मात्र घराबाहेर, माझ्याकडे राहू द्या.

सुरक्षेच्या बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. खिडक्यांचे गज, दाराची भक्कम चौकट आणि मागच्या बाजूचा दिवा यांवरचा खर्च कमी करून कॅमेरे वाढवू नका. फाटक, पुढचे दार, मागचे दार आणि गाडीची जागा, असे चार कॅमेरे पुरेत. ते वायरीचेच घ्या, म्हणजे एकाच कॅट-६ मधून वीजही जाईल आणि चित्रही येईल. एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट लिहितो असे धरले तर दिवसाला सुमारे ४३ जीबी होतात, म्हणजे चार कॅमेऱ्यांना २ टीबीची डिस्क साधारण साडेअकरा दिवस पुरते. सातांना आठवडाही पुरणार नाही. कॅमेऱ्याच्या तोंडाशी कोळी जाळे विणतो, रात्री कॅमेऱ्याच्याच उजेडात ते जाळे पांढरेशुभ्र चमकून हलते आणि फोनवर दर थोड्या वेळाने इशारा येत राहतो, म्हणून स्टुलावर उभे राहून हात पोहोचेल अशी जागा निवडा.

कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ च्या ऑक्टोबरात मिराय नावाच्या प्रोग्रामने असे मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि रेकॉर्डर मोठ्या संख्येने ताब्यात घेऊन अमेरिकेतल्या नामांकित संकेतस्थळांची सेवा बंद पाडली होती, आणि त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना त्याचा पत्ताही नव्हता. म्हणून कॅमेरे, कुलूप आणि दिवे एका वेगळ्या नेटवर्कवर ठेवा. तुमच्या बँकेचे आणि ऑफिसचे काम त्यावर नको. घराच्या आत कॅमेरा लावू नये असे मला कळकळीने वाटते. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई दिवसभर त्या घरात वावरणार, त्यांनाही संकोच न वाटता काम करता आले पाहिजे. फाटकाचा कॅमेरा शेजाऱ्यांच्या अंगणात बघत नाही ना, तेही त्यांच्या देखत तपासून घ्या. ठशाचे कुलूप घ्यायचे तर किल्लीनेही उघडणारेच घ्या, आणि आतून ते ठशाशिवाय, किल्लीशिवाय, अंधारातही उघडले पाहिजे.

फाटकापर्यंतच्या वायरीची मला विशेष काळजी आहे. वळवाच्या पावसात एकदा आपल्या गल्लीत वीज पडली, तेव्हा विजेची लाईन शाबूत राहिली, पण खांबावरून आलेल्या फोनच्या वायरीतून झटका आत शिरला आणि मोडेम, फोन, शेजारचा संगणक एका क्षणात गेले. जळक्या प्लास्टिकचा तो वास घरात दोन दिवस होता. फाटकाकडे जाणारी वायर जमिनीखालून पाईपातून न्या, घरात शिरते तिथे असा झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर बसवा आणि अर्थिंग मोजून घ्या. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच.

पाईप पडल्यावर प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकच नंबर लाव, आणि गिलाव्याआधी टेप जमिनीपासून उभी धरून प्रत्येक भिंतीचा फोटो काढ, म्हणजे पुढे खिळा ठोकताना पाईप कुठे आहे ते कळेल.

मी शनिवारी पहाटेच्या एसटीने निघतो. घराच्या नकाशाची मोठी प्रत काढून ठेव, वायरमनला दहा वाजता बोलावून घे, आणि दिवाणखान्याच्या उत्तरेकडच्या भिंतीला मी बघेपर्यंत गवंड्यांना हात लावू देऊ नकोस. खडू आणि टेप मी आणतो.

तुझे
बाबा