पॅरिसचे प्रदर्शन आणि होळकर

महोदय,

आर्ट डेको ही वास्तू व सजावटीची शैली म्हटली की आपल्याकडे मरीन ड्राइव्हच्या इमारतींचीच चर्चा होते. ज्या प्रदर्शनावरून हे नाव पुढे रूढ झाले, ते पॅरिसचे १९२५ चे सजावटकला प्रदर्शन मात्र उपेक्षितच राहते. तेथे वास्तुकार ल कॉर्बुझिए यांनी जागेवरचे झाड न तोडता छताला गोल भोक ठेवून आपले दालन उभारले, तर मकासर एबनी या काळपट लाकडावर हस्तिदंताच्या बारीक रेषा जडवणाऱ्या फर्निचरकार रूलमान यांच्या दालनाने प्रेक्षकांना खिळवून ठेवले. याच रूलमान यांचे फर्निचर यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी इंदूरच्या माणिकबाग राजवाड्यासाठी घेतले. त्यांच्या या रसिकतेवर २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयाने खास प्रदर्शन भरवले. तसे ते मुंबईतही भरावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, दादर